म्हाताऱ्यांची उघडीप

घेरवली बेटावर होडीतून उतरलात की समोरच एक काळाकुळकुळीत, सपाट कातळ दिसतो. श्रावणात मधेच ऊन पडलं तर अख्खं गाव तिथे लोटतं. भात, सुकट, गोधड्या, जळण, जे ओलं असेल ते पसरतात. मधल्या तुकड्यावर मात्र वाळवण घालत नाहीत. पाहुण्याने का म्हणून विचारलं, तर इथली जुनी माणसं त्याला बसवून घेतात आणि येसूची हकिगत सांगतात.

फार जुनी गोष्ट, म्हणे. तेव्हा बेटावर जेमतेम वीस घरं होती आणि रान इतकं दाट, की ऊन जमिनीला लागायचं ते फक्त या कातळावर. म्हणून प्रत्येक घराला इथे वाळवणासाठी आपापला तुकडा नेमून दिलेला होता. येसूच्या घराचा तुकडा बरोब्बर मधला.

त्या साली आषाढात लागलेला पाऊस एकवीस दिवस खळला नाही. येसूचा नवरा पलीकडच्या बंदरावर अडकून पडला होता. घरात ती आणि तिचे सासरे पदाजी, दोघंच. पदाजी एके काळचे नावाजलेले तांडेल. मोठमोठी गलबतं त्यांच्या शब्दावर चालायची. आता डोळ्यांत मोतीबिंदू, सांधे धरलेले, आणि ओल अशी हाडांत शिरलेली की रात्रंदिवस कण्हायचे. त्यातच छप्पर गळून कणगीतलं भात भिजलं. त्याला मोड यायला लागले होते.

बाविसाव्या दिवशी सकाळी उघडलं. नुसतं उघडलं नाही, लख्ख ऊन पडलं. छपरांतून वाफा निघू लागल्या. गढूळ समुद्र हिरवागार दिसू लागला. माणसांना किती दिवसांनी आपापल्या सावल्या भेटल्या! आषाढात जन्मलेलं एक पोर तर स्वतःच्या हाताची सावली बघून दचकलं आणि मग खुदकन हसलं, असं सांगतात.

येसूने भाताची पाटी डोक्यावर घेतली. दारातून बाहेर पडणार, तोच सासऱ्यांनी हाक मारली.

"सूनबाय, ऊन पडलाहा ना? माका एकदा उन्हात नेशील?"

ती थबकली. तुकडा एवढासाच. भात पसरलं तर माणसाला जागा नाही, आणि माणूस निजवला तर भाताला नाही. पण या माणसाने आयुष्यात कधी कोणाकडे काही मागितलेलं तिने ऐकलं नव्हतं. तिने पाटी खाली ठेवली, सासऱ्यांना पाठुंगळी घेतलं आणि धापा टाकत कातळावर आणून आपल्या तुकड्यावर निजवलं.

बायका बोलल्याच. शेजारची चांगुणा म्हणाली, "खुळी काय गो तू? भात कुसतला ना!"

"भात कुसला तर कंदमुळां खाईन," येसू म्हणाली. "मामंजी पुढच्या उन्हापर्यंत असतले की नाय, कोणाक ठावक?"

पदाजी तोंड वर करून पडून राहिले. हळूहळू त्यांची बोटं सुटी झाली, कण्हणं थांबलं. येसू त्यांचे पाय चोळत बसली. त्यांच्या चेहऱ्यावरचं सुख बघून तिचाही जीव निवला.

सूर्य माथ्यावर आला. आभाळात कापसाएवढाही ढग नव्हता. आणि एकाएकी पदाजी कोपरावर उठले. गाल वाऱ्याकडे केला, आणि गलबतावर द्यायचे तशी आरोळी दिली, "आवरा! सगळा आवरा! वारो फिरलो!"

कोणी हसलं, कोणी म्हणालं म्हातारा बरळतोय. पण जुन्या खलाशांनी तो आवाज ओळखला आणि ते धावले. त्यांच्यामागून गाव धावलं. येसूने सासऱ्यांना पुन्हा पाठुंगळी घेतलं. शेवटची गोधडी घरात जाते न जाते, तोच असं वादळ आलं की लाटा कातळावरून गेल्या. बाकी सगळ्या घरांचं वर्षाचं धान्य वाचलं. भिजलेलं राहिलं ते एकट्या येसूचं.

संध्याकाळी चांगुणा सूपभर कोरडं भात घेऊन तिच्या दारात आली. मान खाली घालून म्हणाली, "घे गो." तिच्यामागे बाकीच्या बायका उभ्या होत्या. येसूची कणगी पहिल्यापेक्षा वर भरली, म्हणे.

पदाजी त्यानंतर आणखी तीन पावसाळे जगले. प्रत्येक उघडिपीला त्यांना कातळावर न्यायला गावात चढाओढ लागायची.

आजही घेरवलीत ऊन पडलं की वाळवणाआधी घरातली म्हातारी माणसं बाहेर निघतात; कोणी पाठुंगळीवर, कोणी खुर्चीसकट. त्यांना मधे बसवल्याशिवाय कोणी मूठभर सुकटही पसरत नाही. मग एखादी सून वाकून विचारते, "आबा, वारो कसो हा?" आबांना वाऱ्यातलं कळत असो नसो, ते गाल वर करतात, डोळे मिटतात, आणि जरा वेळ घेऊनच सांगतात, "अजून हा गो ऊन. सुकवा सावकाश."