तोफेमागची भिंत

लढाऊ हेलिकॉप्टर हिमालयाच्या उंचीवर चढेना, तेव्हा संचालक गोवंड्यांनी वजन कमी करण्यासाठी वैमानिकाच्या आसनाखालचं चिलखत काढायला लावलं. वर म्हणाले, "वैमानिक चपळ असेल तर गोळी लागतेच कशाला?" आराखडा करणाऱ्या कारखानिसांना हे पटलं नव्हतं, पण त्यांनी निमूटपणे सही केली.

मग हेलिकॉप्टरच्या तोफेची जमिनीवर चाचणी ठरली. ते हेलिकॉप्टर ज्यांना उडवायचं होतं ते विंग कमांडर इंगवले तोफेच्या मागे उघड्यावर उभे होते. गोवंड्यांनी त्यांना जाड भिंतीआड बोलावलं.

"तोफेचं तोंड तर पलीकडे आहे, साहेब," इंगवले म्हणाले. "मग भिंत कशाला?"

"असू द्या. माणसाच्या जिवाशी खेळ नको."

"आणि जो शत्रूच्या तोफेसमोर जाणार, त्याच्या बुडाखालचा पत्रा तेवढा जड झाला होय?"

गोवंडे कारखानिसांकडे वळले. ते पुटपुटले, "कारखानीस, चिलखत परत बसवा. वजन दुसरीकडे कमी करा."

कारखानिसांना मान वर करवेना. सही त्यांचीच होती, आणि आज सगळ्यांच्या आधी येऊन भिंतीआड उभे राहिले होते तेही तेच.