मुकी जमीन

एका खाडीकाठच्या गावात एक गावकर, म्हणजे गावचा प्रमुख, होता. माणूस करारी. त्याचा शब्द गावात कोणी मोडत नसे.

गावाची एक रीत होती. भात झोडून झालं की देवळासमोर टोपल्या मांडायच्या. शेताची टोपली भाताची, डोंगराची नाचणीची, खाडीची सुक्या मासळीची. ज्या जमिनीची टोपली आली नाही, ती मुकी ठरायची. मुकी जमीन फोडून तिथे पेरा करायचा, असा नियम होता. नियम वाईट नव्हता. त्यामुळे गावात कोणी आळशी राहिला नाही.

गाव आणि खाडी यांच्यामध्ये तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान होतं. चिखल, डास आणि वेडीवाकडी झाडं. त्याची टोपली कधी आली नाही. जुन्या माणसांनी ते तसंच सोडलं होतं. का सोडलं, ते सांगायचं राहून गेलं होतं.

त्या रानाला लागून गावकराच्या धाकट्या बहिणीचं शेत होतं. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला हाकललं, तेव्हा बापाने तो तुकडा तिला दिला. तेवढ्यावर ती मानाने जगत होती. दुसरा आधार नव्हता.

एका वर्षी खाणारी तोंडं वाढली आणि भात कमी पडलं. गावकर देवळासमोर म्हणाला, "तिवर तोडा. बांध घाला. तिथे भात लावू."

बहीण उठली. "दादा, ते राहू दे. उधाणाचं पाणी तिथे येऊन थकतं. म्हणून माझं शेत वाचतं."

"मग त्याची टोपली कुठाय?"

"न आलेलं पाणी टोपलीत कसं भरू?"

माणसं हसली. एक म्हातारा म्हणाला, "बाय, डास भर. दोन टोपल्या सहज होतील."

गावकरही हसला. मग गंभीर झाला. "बहिणीसाठी नियम मोडला, तर उद्या गावाला तोंड कसं दाखवू?"

ती खाली बसली.

रान पडलं. लाकडं चुलीत गेली. बांध उभा राहिला. पावसाने चिखलातलं मीठ धुतलं आणि तिथे भात झालं. नव्या जमिनीची टोपली आली, ती शिगोशीग भरून. गावकराने ती मुद्दाम बहिणीसमोर ठेवली.

त्या वर्षी खाडीची टोपली मात्र अर्धीच आली. "कोळी आळसावले," माणसं म्हणाली. कोलंबीची पिल्लं तिवरांच्या मुळांत वाढायची, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात अमावस्येचं उधाण आणि वादळ एकदम आलं. भर दुपारी. पूर्वी लाट तिवरांत शिरून मोडायची. आता ती सरळ बांधावर आली. बांध मातीचा होता, गेला. पाणी बहिणीच्या शेतात शिरलं, मग गावकराच्या, मग सगळ्यांच्या. बहिणीची गाय गोठ्यात बांधलेली होती. बहीण तिला सोडवायला धावली तोवर पाणी छातीला लागलं. गाय बांधल्या जागी मेली.

पाणी ओसरलं. मीठ राहिलं. भाताची रोपं करपली. विहिरींचं पाणी तोंडात धरवेना.

बहिणीने गाठोडं बांधलं. गावकर दारात येऊन उभा राहिला.

"बाय, माझ्या शेतातलं अर्धं घे."

"त्यात काय पिकेल, दादा?"

तिने गाठोड्याची गाठ आवळली.

"सासरी जाते. ओसरीवर पडू देतील. भांडी घासायला कोणीतरी लागतंच त्यांना."

"नियम सगळ्यांना सारखा होता," तो म्हणाला.

"पाणीही सगळ्यांना सारखंच आलं."

ती होडीत चढताना त्याने हात पुढे केला. तिने तो धरला नाही.

मग गावकर तिवराच्या बिया आणून चिखलात रोवू लागला. तो रोवायचा आणि भरती उपटून न्यायची. झाडं होती तेव्हा बी त्यांच्या मुळांत आपोआप अडकायचं. आता अडकायला काही नव्हतं. थोडी रोपं जगली. ती गुडघ्याएवढी झाली, त्या वर्षी तो मेला. निम्मं गाव तोवर उठून गेलं होतं. बहिणीला निरोप धाडला होता. ती आली नाही.

तात्पर्य एवढंच: जमीन काय देते हे विचाराल, तर ती काय अडवून धरते तेही विचारा. आणि ते तोडण्याआधी विचारा.