पायाचं नाव

गढीचा पाया खणताना माती ढासळली आणि सुभानजी पाथरवटाचा एकुलता मुलगा मल्हारी तिच्यात गाडला गेला. सरदार गुणाजीरावांनी त्याला बाहेरही काढू दिलं नाही; वर दगड रचले. गढी उभी राहिल्यावर त्यांनी सुभानजीलाच बोलावलं.

"दारावरच्या शिळेवर कोर, 'या गढीचा पाया, सरदार गुणाजीराव'!"

सुभानजीनं छिन्नी खाली ठेवली. "सरकार, आधार म्हणा, खांब म्हणा, कळस म्हणा, लगेच कोरतो. पण पाया मातीखाली असतो. तिथं माझा मल्हारी आहे. तुम्हाला पाया व्हायचं असेल, तर खाली उतरावं लागेल."

सरदारांची मान खाली गेली.

"त्याचंच नाव कोर," ते पुटपुटले.

सुभानजीनं मल्हारीचं नाव कोरलं. धुळाक्षरं गिरवायला शिकवताना पोराला त्यानं पहिलं हेच लिहायला लावलं होतं.