कासवआजोबांचा स्वच्छ फोटो

वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय जंगलात पानही गळत नसे, त्या काळची ही गोष्ट. झिपरी खार तिथली फोटोग्राफर होती. हरणांची शर्यत व्हायची संध्याकाळी, आणि तिच्या साध्या लेन्समधून हरणांच्या जागी नुसते तपकिरी फराटे उमटायचे. "यंदा आमचे पाय दिसले नाहीत, तर दुसरा फोटोग्राफर बघू," हरणांनी बजावलं. म्हणून झिपरीने सभेत कमी उजेडातही चालणारी महागडी झूम लेन्स मागितली.

अध्यक्ष कासवआजोबांनी स्वतःचा फोटो पुढे केला. "हा जुन्याच लेन्सने काढलास ना? पाठीवरची रेघन् रेघ दिसतेय. मग उगाच खर्च कशाला?"

"आजोबा, तो भर उन्हात काढलाय. आणि तुम्ही सकाळपासून तिथेच बसला होतात."

"उलट बोलू नकोस. चूक लेन्सची नाही, हरणांची आहे. त्यांनी जरा हळू पळावं."

सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या आणि तसा ठराव मांडला. एरवी सभेत पेंगणाऱ्या बिबट्याने ताडकन उठून अनुमोदन दिलं.

लेन्ससाठीची वर्गणी हरणांनी सभा संपायच्या आत गोळा केली.