बोरीने पाने का टाकली?

माळ संपून शेते सुरू होतात, तिथे बोरीच्या काटेरी जाळीत एक सशीण आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. तिला भारी चौकशा! मुंग्या ओळीनेच का चालतात, सरडा मान का हलवतो, असे काहीबाही विचारून ती शेजारच्या तितराला भंडावून सोडी. पण ऐन उन्हाळ्यात बोरीने भराभर पाने टाकली, तेव्हा मात्र तिची पाचावर धारण बसली.

"तितरभाऊ, बोर मेली का हो?"

"दरवर्षी असंच करते," तितर म्हणाला. "का, ते मला नाही ठाऊक."

सशिणीला ते पटेना. उघड्या फांद्यांतून घिरट्या घालणारी घार दिसे आणि पिल्लांच्या काळजीने तिला घास गोड लागेना. पलीकडे मक्याचे शेत हिरवेगार डुलत होते. पाटाचे पाणी रोज त्याच्या पायाशी येई. झाले! सशिणीने पिल्लांसह तिकडे मुक्काम हलवला. तिथली सावली काय, गारवा काय! पिल्ले बाळसे धरू लागली.

आणि मग वरच्या अंगाला पाट फुटला. शेतात येणारे पाणी थांबले. मक्याने आपली पाने सुरळीसारखी गुंडाळून घेतली. 'आहे ते पाणी जपतोय की काय बिचारा?' सशिणीला वाटले. तिने बुंध्याशी उकरून पाहिले, तर मुळे जेमतेम वीतभर खोल! पाणी रोज आयते मिळत होते, मग ती खाली कशाला जातील? बघता बघता पाने करपली, सावली गेली, आणि घार खाली खाली येऊ लागली.

पिल्लांना पुढे घालून सशीण जीव घेऊन पळाली. घारीने झडप घातली, पण तोवर तिघेही बोरीच्या जाळीत शिरले होते. काट्यांत दोन पिसे अडकवून घार निघून गेली.

धाप ओसरताच सशीण बोरीच्या मुळाशी उकरू लागली. नखे दुखली, माती ओलसर लागू लागली, तरी मूळ आपले खालीच चालले होते! वर फांदीवर इवले कोंबही फुटू लागले होते.

"काय, मिळालं का उत्तर?" तितराने विचारले.

"पाणी जपायलाच बोर पानं टाकते, भाऊ. मुळाचं टोक मात्र काही मिळालं नाही," सशीण म्हणाली. "पण आता मी इथून हलायची नाही!"

तात्पर्य : वरची हिरवाई पाहून कोणाचे बळ ठरवू नये, संकटात कोण तगेल, हे त्याची मुळे किती खोल गेली आहेत यावर ठरते.