एकमताने दिलेला निकाल

भाविकहो, चौलच्या खाडीकाठी वावळी गावात रहमीमबाबा राहत असत, तेव्हाची ही गोष्ट. गाव बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, तेल्यांचे. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवारतेली म्हणत. बाबा हाखाम, म्हणजे धर्मशास्त्राचे पंडित. पण त्यांच्या ओसरीवर पाठांतरापेक्षा वादच जास्त चालायचा. "माझं म्हणणं खोडून काढणारा कुणी आहे का?" असे विचारूनच ते शिकवायला बसत. धन्य ते गुरू!

त्याच ओसरीच्या कडेला मिलकाबाई बसे. तरुण विधवा, घरी आंधळी सासू आणि पोटाला एक घाणा. प्रार्थनागृहातल्या दिव्याला खोबरेल तीच देई. तिला शंका फार, आणि ती त्या मोठ्याने विचारी. समाजाचे पुढारी, मुकादम एलोजी, यांना हे मुळीच खपत नसे. "बाईमाणसानं तेल द्यावं, शास्त्रात नाक खुपसू नये," असे म्हणून ते चारचौघांत तिची टर उडवत आणि गाव हसे.

एका शुक्रवारी, सूर्य मावळून शब्बाथ लागल्यावर, प्रार्थना रंगात आली असताना दिवा विझला. शब्बाथला विस्तव पेटवणे काय, दिव्याला हात लावणेही वर्ज्य. सगळी मंडळी अंधारात बसून राहिली. रविवारी सकाळी पाहतात तो काचेच्या पेल्यात पाणीच पाणी! तळाशी थोडे पाणी घालतातच, त्यावर तेल तरंगते. पण हे तर जवळजवळ काठापर्यंत आलेले.

"तेलात पाणी मिसळलंन!" मुकादम गरजले. लगेच पंच बसले आणि ठरले, की मिलकाबाईने सासूला घेऊन गाव सोडावे. "मी पाणी घातलं नाही हो," एवढेच ती बिचारी म्हणत राहिली.

तेवढ्यात बाबा काठी टेकत आले.

"आधी कोण बोललं?" त्यांनी विचारले.

"मी," मुकादम म्हणाले. "आणि मग सगळे एकमताने."

"तिच्या बाजूने एकही नाही?"

"एकही नाही!"

"मग ती सुटली," बाबा म्हणाले.

सभेत एकच गलका झाला. बाबांनी काठी आपटली. "पूर्वजांचा दंडक आहे. ज्या निकालानं माणसाचा जीव जायचा, त्यात सगळेच दोषी म्हणाले तर आरोपी सुटतो. इतक्या डोक्यांत एकालाही तिच्या बाजूचं काही सुचत नाही, म्हणजे कुणी शोधलंच नाही! धाकट्यानं आधी बोलायचं, हाही दंडकच. तुम्ही आधी बोललात, बाकीच्यांनी माना डोलावल्या. आंधळ्या म्हातारीसकट बाईला रस्त्यावर काढणं, हे जीव घेणं नाही तर काय?"

एक पंच चाचरत म्हणाला, "बाबा, मग तुम्ही चमत्कार दाखवा. तेलावाचून दिवा पेटला तर ती खरी."

"दिवा तेलानं पेटतो!" बाबा कडाडले. "देवानं डोकं दिलंय ते वापरायचं सोडून आभाळाकडे काय बघता? एलोजी, गावात तुम्ही हुशार. तिची बाजू तुम्ही मांडा. तिच्याहून चांगली मांडा."

मुकादम हसले. "मांडतो की! म्हणा, बाईनं तेल चोख दिलं. म्हणा, त्याच बुधलीतलं तेल माझ्या घरी जळतंय, आणि चांगलं जळतंय..."

इथे त्यांना थांबायचे होते. पण 'ती दोषी' म्हणायला तोंड उघडावे तर आवाजच फुटेना! तिच्या बाजूचे बोलू लागले की मात्र वाचा आपोआप चाले.

"म्हणा, ती पेल्याला हात लावत नाही. पेला मी धुतो. तळाचं पाणी मी घालतो, दुसऱ्याला शिवू देत नाही. त्या दिवशी अलिबागचे पाहुणे आले होते. त्यांच्यापुढे बढाया मारत मी ओतत होतो... ओततच राहिलो. तेलाला जेमतेम नखभर जागा उरली."

माणसाच्या तोंडून त्याची स्वतःची चूक निघाली! याहून मोठा चमत्कार कुणी पाहिला असेल तर त्याने पुढे यावे.

मुकादमांना दरदरून घाम फुटला. ते बाबांच्या पायांशी कोसळले. बाबांनी पाय मागे घेतले. "माझ्यापुढे नको. तिकडे."

मुकादम मिलकाबाईपुढे वाकले. "बाई, चुकलो."

तिचे डोळे वाहत होते, पण ती ताठ उभी होती. "उठा, मुकादम. पण माझी एक शंका आहे. आज बाबा आलेच नसते तर?"

या वेळी कुणीही हसले नाही.

"तर मी जन्मभर बरोबरच ठरलो असतो," मुकादम म्हणाले, आणि पुन्हा तिच्यापुढे वाकले.