सुईणीसाठी घेतलेले शिंगरू

फार मागच्या काळातली ही हकिकत. बुधवारचा दिवस होता, ऊन कलले होते. डोंगराखालच्या एका गावात चावडीवर सभा भरली होती आणि सभेपुढे विषय एकच होता: घोडा घ्यायचा.

मुलांनो, घोडा मिरवायला नको होता. तो हवा होता सुईण आणायला. सुईण राहत होती डोंगराच्या पलीकडे. बोलावणे गेले की ती पायी निघायची आणि बहुतेक वेळा उशिरा पोचायची. मागच्या खेपेला ती आली तेव्हा बाळ रडून रडून झोपलेसुद्धा होते. माय-लेकरू वाचले ते केवळ नशिबाने.

आता गावातल्या विणकराच्या सुनेचे दिवस भरत आले होते. पोरगी पहिलटकरीण, पण जिभेची तिखट. चावडीवरून जाताना ती म्हणाली, "काय ते लवकर ठरवा. तुमची सभा लांबली म्हणून माझं बाळ थांबायचं नाही."

सगळे हसले. गावाने वर्गणी काढली आणि पाटील, सोनार, शिंपी आणि विणकर असे चौघे घोड्यांच्या बाजारात गेले.

सौदागराने आधी एक घोडी दाखवली. रंग उडालेला, एक कान फाटलेला. "दिसायला अशीच आहे," तो म्हणाला, "पण हिच्या पाठीवर म्हातारं माणूससुद्धा झोप काढेल."

तेवढ्यात शेजारच्या शिंगराने पाटलांचा फेटा हुंगला. तांबूस अंग, कपाळावर पांढरा टिळा, डोळे टपोरे. पाटील विरघळले.

"याचं काय घेणार?"

"घोडीच्या निम्मं. पण पाटील, हे अजून पोर आहे. दोन वर्षं याच्या पाठीवर कुणाला बसवू नका."

"निम्म्यात घोडा!" सोनार हरखला. "आणि आपल्या हाताखाली वाढेल, म्हणजे वळणही आपलंच लागेल."

"वाढवणार कोण?" सौदागराने विचारले.

"अख्खं गाव!" चौघे एका सुरात म्हणाले.

सौदागर हसला आणि त्याने दोरी त्यांच्या हातात दिली. त्याने काहीही लपवले नव्हते, हे इथेच स्पष्ट सांगितले पाहिजे. ऐकणाऱ्यांनी ऐकले नाही.

गावात शिंगराला ओवाळले. पहिल्या दिवशी घरोघरून गूळ आला, हरभरे आले. दुसऱ्या दिवशी निम्म्या घरांतून आले. पुढे सोनाराला वाटे शिंपी चारा घालतो, शिंप्याला वाटे पाटील घालतात आणि पाटलांना वाटे, गावाचे जनावर आहे, गाव बघेल. शिंगराने मात्र वाट पाहिली नाही. त्याने शिंप्याच्या वेलावरच्या घेवड्याच्या शेंगा खाल्ल्या, सोनाराचे वाळत घातलेले धोतर चघळले आणि एकटे बांधले की असा आकांत केला की सोबतीला एक शेळी आणावी लागली.

शेवटी सगळ्यांनी शिंगरू विणकराच्या गळ्यात घातले. "घोडा तुझ्याच सुनेसाठी घेतलाय ना? मग तूच बघ." विणकर माग सोडून गवत कापू लागला, लीद काढू लागला. वर्गणी सगळ्यांनी दिली होती. शिंगराची खरी किंमत एकटा विणकर भरत होता आणि हे कोणालाच खटकत नव्हते.

मग एका सकाळी सुनेला कळा सुरू झाल्या.

विणकर धावतच निघाला. पाटलांनी त्याला वेशीवर अडवले. "अरे, पायी कुठं निघालास? गावाने एवढा घोडा घेतलाय तो कशाला? घेऊन जा!"

विणकराने शिंगरू नेले. म्हणजे ते जिथे जिथे थांबले, तिथे तिथे तोही थांबला. फुलपाखरू दिसले, थांबले. ओढा आला, तेव्हा तर चारही पाय रोवून उभे राहिले. डोंगर चढून पलीकडे पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आले. सुईण लगेच निघाली, पण परतीच्या वाटेवर ओढ्याशी पुन्हा तेच. विणकर मागून ढकलतोय आणि म्हातारी पुढून दोरी ओढतेय.

"अरे, हा मला न्यायला आलाय, का मी याला न्यायला आलेय?" ती म्हणाली.

"मावशी, गावाने घेतलाय तो…"

"मग गावालाच बसव त्याच्यावर! ती पोरगी तिकडे कळा सोसतेय." तिने दोरी त्याच्या हातात कोंबली, लुगड्याचा काचा घट्ट केला आणि ती एकटीच झपझप चालू लागली.

ती उंबऱ्यात शिरली आणि थोड्याच वेळात घरातून ट्यँहा ऐकू आले. मुलगी झाली. दोघी सुखरूप. विणकर शिंगरासह पोचला तेव्हा तो आजोबा होऊन बराच वेळ झाला होता.

"बघा, घोडा गेला म्हणून सुईण आली!" पाटील जमलेल्यांना सांगत होते.

"चुकलात पाटील," सुईण आतून ओरडली. "सुईण पुढं आली म्हणून पोरगी वाचली. घोडा अजून दम खातोय."

लोक पोट धरून हसले. बाळंतीणही हसली. त्या दिवसापासून चारा घालायच्या पाळ्या लागल्या आणि विणकराचा माग पुन्हा चालू झाला. शिंगराला पाऊस लागू नये म्हणून गावाने आठवड्याभरात वेशीजवळ कौलारू पागा बांधली.

बाळाच्या बारशाला सुईण आली, अर्थात पायीच. पागेपाशी ती थबकली. भिंती सारवलेल्या, दार नवे, आत स्वच्छ जमीन.

"हे कुणाचं घर?"

"शिंगराचं," पाटील अभिमानाने म्हणाले.

म्हणून लहानथोरहो, बोध इतकाच: काही विकत घेण्याआधी आपली गरज नेमकी कशाची आहे ते पाहावे आणि त्याचा भार कोण वाहणार हे ठरवावे.

म्हातारी मात्र दाराला हात लावून आत डोकावली. मग तिने विचारले, "असंच एक घर मला बांधून दिलं असतं, तर मी इथंच राहिले नसते का?"